कागदी कपातलं माळवद

लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात हनीफचाचांचं भंगाराचं दुकान आहे. कुलरचे पंखे, फ्रीजच्या जाळ्या आणि मेलेले इन्व्हर्टर यांच्या ढिगाआड चाचा बसलेले असतात. स्वप्नाली त्या दिवशी तिथं गेली ती एका हार्ड डिस्कसाठी. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा तिचा धंदा, आणि त्याच कॉम्प्युटरच्या पोटातल्या भागांचे फोटो काढणं हा तिचा नाद. साधे फोटो नव्हेत. मुंगी मावेल एवढी जागा कॅमेऱ्यात धरायची आणि ती भिंतीएवढी करून दाखवायची. नांदेडच्या एका कॉलेजनं तिच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं. सगळे फोटो तयार होते, फक्त हार्ड डिस्कच्या आतल्या तबकडीचा तेवढा राहिला होता.

"हे घे बेटा. मुदखेडच्या मालात आलं," चाचांनी एक डिस्क पुढं केली. "चालू न्हाई, पण आतून लई साफ हाय. झाकण काढलं तर माझं तोंड दिसलं त्यात."

"तुमचं तोंड बघूनच बंद पडली असंल, चाचा."

चाचा हसले. मग नेहमीचा प्रश्न आला. "शिवमूर्ती कसा हाय? अजून अंगणातच झोपतो का?"

"न्हाई. आठ दिस झाले, आत झोपून राहिलेत आप्पा."

चाचांचा हात डिस्कवरच थांबला. "सच्ची?"

"मग! मी झोपवलं," स्वप्नाली म्हणाली, आणि तिची मान जरा ताठ झाली. ती ताठ व्हायलाच हवी होती. तिचे वडील शिवमूर्तीआप्पा मूळचे किल्लारीकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं, त्याखाली त्यांची पहिली बायको महादेवी गेली आणि आप्पा वाचले. त्यानंतर ते लातूरला आले, दुसरं लग्न केलं, स्वप्नाली झाली, स्लॅबचं घर बांधलं. पण त्या घरात ते एक रात्रही झोपले नाहीत. ऊन असो, गारठा असो, आप्पांची खाट अंगणात. पावसात ओसरीच्या कडेला बसून रात्र काढायचे, पण आडवे व्हायचे नाहीत. स्वप्नालीची आई समजावून समजावून थकली आणि दोन वर्षांपूर्वी वारली. शेवटी यंदाच्या थंडीत आप्पांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, बाहेर झोपले तर हा हिवाळा निघणार नाही. मग स्वप्नालीनं कंबर कसली. रुसली, रडली, स्वतः जेवायची थांबली, आणि आप्पांची खाट आतल्या खोलीत आणून टाकली. एवढा बांका गड तिनं सर केला होता, तर गावभर सांगायला नको?

घरी आल्यावर तिनं डिस्क उघडली. चाचांचं खरं होतं. तबकडी आरशासारखी लखलखत होती.

आता तिची कामाची रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. इतक्या जवळून फोटो काढला की त्यातला केसभर थरच स्पष्ट येतो, बाकी सगळं धुरकट. म्हणून कॅमेरा एका छोट्या पट्टीवर बसवायचा आणि स्क्रू फिरवत किंचित किंचित पुढं सरकवत फोटो काढत जायचे. शंभरेक फोटो होतात. मग कॉम्प्युटर त्या सगळ्यांतले स्पष्ट थर जोडून एक फोटो करतो. हे चाललेलं असताना काहीही हलता कामा नये. स्वप्नालीच्या शेजारी पिठाची गिरणी. ती चालू असली की टेबलावरची टाचणीसुद्धा थरथरते. त्यामुळे दुपारची लाइट गेली की सगळी गल्ली बिजलीवाल्यांना शिव्या घालायची आणि ही एकटी खूश व्हायची. गिरणी बंद, पंखे बंद. कॅमेरा, दिवा आणि लॅपटॉप बॅटरीवर. भर दुपारी तिला हवी तशी शांतता मिळायची.

दुसरी गोष्ट म्हणजे कप. चकचकीत वस्तूचा फोटो काढताना सगळी खोली तिच्यात शिरून बसते. ते टाळायला ती चहाचा कागदी कप घेई, त्याचं बूड कापून टाकी आणि तो वस्तूवर पालथा घाली. वरच्या भोकातून लेन्स आत डोकावणार, दिवा बाहेरून कपावर पडणार आणि आत सगळीकडे दुधासारखा पांढरा उजेड. तबकडी जराशी कलती ठेवली की तिच्यात फक्त कपाची पांढरी भिंत दिसते. दुसरं काही दिसायला जागाच नाही.

त्या दुपारी लाइट गेली. आप्पा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. मधलं दार उघडं होतं आणि त्यांचा घोरण्याचा आवाज येत होता. स्वप्नालीनं फोटो काढले, लॅपटॉपवर घेतले आणि जोडायला लावले.

जोडलेल्या फोटोत तबकडीच्या पांढऱ्या उजेडात एक काळा आडवा पट्टा होता.

तिनं डिस्क पुसली, लेन्स पुसली, कप बदलला. मग सुटे फोटो एकेक करून बघायला घेतले. पहिल्या काहींमध्ये सगळं पांढरं. पुढं कॅमेरा जसा सरकला, तसं तबकडीच्या आत, खोलवर, काहीतरी स्पष्ट होत गेलं. ते लाकूड होतं. जुनं, धुरानं काळं पडलेलं जाड लाकूड. त्याच्यावर आडव्या बारीक लाकडांची ओळ, आणि त्यांच्या फटींमधून डोकावणारी माती. लाकडात एक लोखंडी कडी ठोकलेली होती.

ते माळवद होतं. जुन्या घरांवर असायचं तसं, खाली तुळई आणि वर हात-दोन हात मातीचा थर. स्वप्नालीनं वर बघितलं. वर तिच्या घराचा चुना मारलेला स्लॅब होता आणि बंद पंखा.

"कुठून घुसलं हे?" ती स्वतःशीच म्हणाली. तिला भीती वाटली नाही. चिडली मात्र ती खूप, कारण आपल्या कपात आपल्याला न विचारता काहीतरी आलं होतं. खिडकी, कपाट, समोरची भिंत, सगळं तपासलं. घरात लाकडी तुळई नव्हती. गल्लीतही नव्हती. आणि असती तरी कपाच्या आत कशी येणार?

दुसऱ्या दिवशी आप्पा चाचांच्या दुकानात गप्पा मारायला गेले होते. लाइट गेली. तिनं तीच डिस्क, तोच कप, तोच दिवा लावून फोटो काढले. सगळे पांढरे शुभ्र, एक डागही नाही. ती मोठ्यांदा हसली आणि कालचा दोष सॉफ्टवेअरवर ढकलून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी आप्पा आत झोपले होते, आणि तुळई पुन्हा आली.

या वेळी ती जवळ होती. लाकडावरचे कुऱ्हाडीचे वार दिसत होते. कडीत अडकलेला दोरीचा तुकडा दिसत होता. स्वप्नालीनं पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत भराभर बोट दाबत नेलं, आणि तिचं बोट जड झालं. प्रत्येक फोटोत तुळई मोठी होत होती. कॅमेरा सगळा मिळून दाण्याएवढाही सरकला नव्हता. तेवढ्यानं एखादी गोष्ट एवढी मोठी दिसत नाही, हे तिच्याइतकं कोण जाणणार! म्हणजे कॅमेरा तुळईकडे जात नव्हता. तुळईच खाली येत होती.

आतून आप्पांचा खोकला ऐकू आला. आत झोपायला लागल्यापासून तो कमी व्हायला हवा होता. तो वाढला होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. सकाळीच डॉक्टरांनी विचारलं होतं, "आप्पा कधी गिरणीत वगैरे कामाला होते का? धुळीनं धरलेल्या छातीसारखा आवाज येतोय." आप्पा जन्मभर कापडाच्या दुकानात कामाला होते.

तरीही ती स्वप्नाली होती. एकदा दिसलं, दोनदा दिसलं, म्हणून मानायची नाही. तिनं डिस्क बाजूला ठेवली आणि आपल्या पर्समधला गोल आरसा घेतला. तो नवा होता, त्याला ना मुदखेड माहीत ना किल्लारी. चौथ्या दुपारी लाइट गेल्यावर तिनं तो कपाखाली ठेवला. आप्पा आत घोरत होते. या वेळी तिनं कॅमेरा लॅपटॉपला जोडला, म्हणजे फोटो निघेल तसा समोर दिसेल.

पहिला पांढरा. दुसरा पांढरा. मग हळूहळू लाकूड आलं. तिनं स्क्रू फिरवला. लाकूड खाली आलं. अजून फिरवला. कडी चौकटीतून बाहेर गेली, एवढं ते जवळ आलं होतं. फटींमधून मातीची बारीक धार सुटलेली दिसली... खोलीत ओल्या मातीचा वास आला. बाहेर कडकडीत ऊन होतं आणि गल्लीत कुणी सडाही घातला नव्हता. तिनं पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर पूर्ण काळोख आला.

आणि त्याच क्षणी आतलं घोरणं थांबलं. खोकला नाही, श्वास नाही, काही नाही...

"आप्पा?"

ती धावत गेली. आप्पा खाटेवर उताणे होते. डोळे सताड उघडे, तोंड उघडं, दोन्ही हात छातीच्या वर हवेत, तळवे वरच्या बाजूला. कोणतं तरी ओझं रेटून धरावं तसे. हात थरथरत होते. चेहरा निळा पडला होता. स्वप्नालीनं काय केलं ते तिला नंतर नीट आठवेना. विचार असा केलाच नाही तिनं. खाटेचा पाय धरला आणि आप्पांसकट खाट ओढली. फरशीवर कर्कश आवाज करत खाट उंबऱ्याला अडली, तशी तिनं आप्पांना काखेत धरून उचललं आणि अंगणात आणून उन्हात बसवलं. वर आभाळ आलं आणि आप्पांनी मोठ्ठा श्वास घेतला.

"माती..." ते म्हणाले. "तोंडात माती गेली, पोरी. पाणी दे."

पाणी पिऊन चूळ भरली. फरशीवर नुसतं पाणी पडलं, पण आप्पा बराच वेळ जीभ पुसत राहिले. स्वप्नाली त्यांच्या पायाशी बसून रडली. आपण जिंकलो म्हणून गावभर सांगत फिरलो आणि बापाला रोज दुपारी, रोज रात्री कशाखाली नेऊन निजवत होतो, हे तिला आता कळत होतं. तिनं आत जाऊन लॅपटॉप आणला.

"आप्पा, हे वळखता का?"

आप्पांनी फोटो बघितला. त्यांना नवल वाटलं नाही, तेच जास्त भयंकर होतं.

"हाव. आमचं घर हाय हे. किल्लारीचं."

"तुम्हाला ठावं होतं?"

"मी कुठंबी आडवा झालो ना, की वरचं छप्पर हेच होतं बघ. स्लॅब असू दे, पत्रा असू दे. डोळा लागला की हे येऊन राहतं वर. पहिल्यांदा लांब असतं. मग खाली येतं. आभाळाखाली न्हाई येत. म्हणून बाहेर झोपतो."

"मग मला सांगायचं न्हाई का हो? मी इतकी रडले, तुम्ही गुमान आत आलात!"

"तू जेवायची थांबली होतीस," आप्पा म्हणाले. "काय सांगू? कुणी मानलं असतं? तू तर न्हाईच."

हे खरं होतं. आप्पा अजून फोटोकडेच बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पण हे उलटं हाय, पोरी. त्या रात्री मी भिंतीकडं झोपलो होतो. मला कडी उजव्या हाताला दिसायची. हिथं डावीकडं हाय."

"आरशातलं आहे ना आप्पा. आरशात उलटं दिसतं. थांबा, सुलटं करते." हे तिच्या हुकमतीतलं होतं, त्यामुळे तिला जरा बरं वाटलं. तिनं बटण दाबून फोटो फिरवला. कडी उजवीकडे गेली.

आप्पांनी मान हलवली. "आता कडी बरोबर आली. पण दाराचा उजेड बघ, जवळून पडलाय. भिंतीकडून तो एवढा दिसत न्हाई." ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "ही दाराकडची जागा हाय. हिथं मी न्हवतो..."

"मग कोण होतं?"

"महादेवी."

महादेवीला स्वप्नाली मोठी आई म्हणायची. बघितलेली कधीच नव्हती. तिचा फोटोही घरात नव्हता, सगळं मातीखाली गेलेलं. सणाला आई तिच्या नावानं एक ताट वाढून ठेवायची, तेवढीच ओळख. गिरणीची घरघर सुरू झाली, लाइट आली होती.

त्या दिवसापासून खाट पुन्हा अंगणात आली. आता मात्र स्वप्नालीनं डोकं चालवलं. खाटेच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्रीच्या कनाती बांधल्या, वर मात्र काही नाही. खाली गवताची गादी, अंगावर दोन वाकळी, पायाशी गरम पाण्याची पिशवी. कानटोपी तर आप्पांच्या डोक्याला शिवलीच होती म्हणा ना. शेजारी ती स्वतः झोपायची. आठवडा गेला आणि आप्पांचा खोकला उतरला. डॉक्टरांनी छाती तपासली, खूश झाले. "बघा, आत झोपवल्याचा गुण आला," असं म्हणाले. स्वप्नालीनं गंभीरपणे मान हलवली आणि बाहेर आल्यावर बापलेक पोट धरून हसले.

प्रदर्शन जवळ आलं होतं आणि तबकडीचा फोटो अजून व्हायचाच होता. पण खरं सांगायचं तर तिला दुसरंच बघायचं होतं. आप्पांच्या वर आता काही नाही, याची तिला खात्री करून घ्यायची होती. ऐकून मानायची सवय तिला नव्हती.

दुपारी आप्पा जेवून उन्हात झोपले. ते एका कुशीवर, खाटेच्या अगदी कडेला झोपले होते. ती रुंद लोखंडी खाट, पण निम्मी रिकामी. वाकळ घसरली होती. स्वप्नालीनं रिकाम्या बाजूनं वाकून ती ओढून घेतली, खाटभर सारखी पसरली, आप्पांच्या खांद्यापर्यंत आणली. रिकाम्या बाजूचा काठही उशीपर्यंत नेऊन नीट केला. लाइट गेली, गिरणी थांबली. वारा पडलेला होता. तिनं खाटेपासून चार हातांवर स्टुलावर डिस्क मांडली, कप पालथा घातला आणि फोटो काढायला सुरुवात केली.

निळं आभाळ आलं. पांढऱ्या कपाच्या आत, तबकडीत, स्वच्छ निळं आभाळ आणि त्यात एक घार. तुळई नाही, कडी नाही, माती नाही. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटलात आप्पा," ती पुटपुटली आणि मजेत पुढचे फोटो बघू लागली.

मधल्या एका फोटोत आभाळाच्या कडेनं काहीतरी आलं. पुढच्यात ते स्पष्ट झालं. ती स्वतःच होती. वाकलेली, केस पुढं आलेले, हातात वाकळीचा काठ. मघाची, लाइट जायच्या आधीची ती, खालून बघितलेली. आप्पांच्या जागेवरून नव्हे. ती बघणाऱ्याच्या अगदी तोंडावर वाकली होती. मग तिचा हात मोठा होत गेला, वाकळीचे टाके दिसले, आणि काठ डोळ्यांवर आला. पुढचे सगळे फोटो काळे होते.

स्वप्नाली उठली. खाटेच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथं वाकळ सपाट होती, उशीपर्यंत ओढलेली, तिनंच ओढलेली. "चुकलं हो, मोठी आई," ती हळूच म्हणाली. "अंधार केला मी."

तिनं काठ धरला आणि छातीपर्यंत येईल इतका खाली घेऊ लागली. वीतभर आला आणि अडकला. तिनं जरा जोर केला. आतून कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा तो ताणला गेला, आणि मग सुटला.

तिनं आप्पांकडं बघितलं. ते गाढ झोपले होते, दोन्ही हात जोडून गालाखाली घेतलेले.